घुबड काढलं, कावळा काढला, तरी गॉबलर गप्प: लोकेटर कॉलचा बिघाड कसा शोधायचा

एप्रिलचा तिसरा सोमवार आला की अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात जंगली टर्की पक्ष्याच्या वसंतातल्या शिकारीचा हंगाम उघडतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून ठरलेली तक्रार येते. पहाटे उठलो, अंधारात टेकडी चढलो, घुबडाचा आवाज काढला, पण रानातून गॉबलरचं, म्हणजे नर टर्कीचं, हूं की चूं नाही. दुसरा कॉल घेऊ का? महागातला घेऊ का? (लोकेटर कॉल म्हणजे नराला ओरडायला लावून त्याची जागा शोधायचा आवाज, किंवा तो काढायचं साधन.)

मी आणि माझा नवरा ओझार्कच्या टेकड्यांमध्ये बरीच वर्षं टर्कीच्या मागे फिरतोय, नव्या लोकांना बरोबर नेतोय. हा बिघाड आम्ही इतक्यांदा उकललाय की तपासायचा क्रम पाठ झालाय. माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगते: दहातल्या आठ वेळा खोट आवाजात नसते, ऐकण्यात असते. म्हणून खालच्या तपासण्यांत कॉल बदलणं बरंच उशिरा येतं.

हे सगळं अमेरिकेत परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काही रानपाखरांवर करून बघू नका.

लक्षणं

आधी तुमची तक्रार नेमकी कोणती ते ओळखा. सगळ्यांना आपण ‘टर्की बोलत नाही’ असंच म्हणतो, पण कारणं वेगळी असतात.

- पहाटे आवाज काढला आणि पूर्ण शांतता. एकदाही उत्तर नाही.
- एकदा उत्तर आलं, मग कितीही आवाज काढले तरी गप्प.
- उत्तर येतं, पण कुठून आलं ते सांगता येत नाही. दोघं असाल तर दोघं दोन दिशांना बोट दाखवता.
- झाडावर असेपर्यंत ओरडतो, जमिनीवर उतरला की नाहीसा होतो.
- मार्चअखेर भरपूर ऐकू येत होते, हंगाम उघडला आणि रान मुकं झालं.
- आवाज काढताच अगदी जवळून पंखांची फडफड आणि पक्षी पसार.

पहिलं, तिसरं आणि शेवटचं लक्षण बहुधा तुमच्या बाजूचं असतं. बाकीची पक्ष्याच्या बाजूची.

हा आवाज काम कसा करतो

वसंतात नर टर्की, म्हणजे टॉम किंवा गॉबलर, माजावर असतो. अशा दिवसांत अचानक काही मोठा आवाज झाला की तो विचार न करता ओरडतो. याला इथले लोक शॉक गॉबल म्हणतात; गॉबल म्हणजे नराची आरोळी. घुबड, कावळा, सुतार पक्षी, कोल्ह्यासारखा कोयोटी, गाडीचं दार आपटणं, आगगाडीची शिटी, ढगांचा गडगडाट, कशालाही. आपल्याकडे वळवाचा गडगडाट झाला की मोर जसा ओरडून उठतो, तसाच हा प्रकार.

यातली खुबी अशी की घुबडाला उत्तर दिलं म्हणून टॉम घुबडाकडे येत नाही. तो आपली जागा सांगून टाकतो आणि तुमची जागा त्याला कळत नाही. मादीचा आवाज काढलात तर उलटं होतं: त्याला तुमचं ठिकाण अचूक कळतं, आणि तुम्ही अजून पायवाटेवर उभे असताना तो निघून येऊ शकतो. म्हणून ठावठिकाणा काढेपर्यंत मादीचा आवाज खिशातच राहू द्यावा.

पहिली तपासणी: गप्प राहा. खर्च शून्य.

शॉक गॉबल लगेच येतो. पुष्कळदा तुमच्या शेवटच्या सुरावरच येतो. तुम्ही घुबडाचे आठच्या आठ सूर जोर लावून काढत असाल तर तिसऱ्या सुराला आलेलं उत्तर तुमच्याच आवाजाखाली दबून जातं. तुम्हाला वाटतं रान रिकामं आहे. कावळ्याच्या कॉलवर तर हे फारच होतं, कारण लोक अर्धा मिनिट न थांबता कावकाव करत राहतात.

म्हणून तीन-चार सूर काढायचे आणि पट्कन तोडायचं. मग निदान एक मिनिट जागचं हलायचं नाही. हुडी डोक्यावरून खाली घ्या, कापड कानावर घासलं की लांबचा गॉबल मिटून जातो. तोंड थोडं उघडं ठेवा, श्वास हळू. तळहात कानामागे धरून हळूहळू चारी दिशांना वळा. गाडीजवळ उभे राहू नका. बंद केलेलं इंजिनही बराच वेळ टिकटिकत असतं, त्यापासून शंभरेक पावलं दूर या.

दोघं असाल तर काम वाटून घ्या. आमच्यात आवाज नवरा काढतो आणि ऐकते मी, त्याच्यापासून पंधरा-वीस पावलं बाजूला उभी राहून. आवाज काढणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत असतो, त्यामुळे त्या क्षणी त्याच्याइतका वाईट श्रोता दुसरा नाही. एवढा एक बदल केल्यावर पहिलं लक्षण नाहीसं झालेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक. पोचल्या पोचल्या आवाज काढू नका. खरी घुबडं, खरे कावळे तुमचं काम फुकटात करतात. दहा मिनिटं नुसतं उभं राहा. टॉम आपण होऊन ओरडत असेल तर लोकेटर कॉलची गरजच नाही, तो खिशातून काढूही नका.

दुसरी तपासणी: घड्याळ

टर्की रात्र झाडावर काढते. मावळतीला ती रातथाऱ्यावर चढते आणि उजाडल्यावर खाली उतरते. सर्वांत जास्त गॉबल सूर्योदयाआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात ऐकू येतात. मिझुरीत एप्रिलच्या उत्तरार्धात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे पावणेसहाला तुम्ही ऐकण्याच्या जागी शांत उभे असायला हवं. पार्किंगमध्ये बुटांचे बंद बांधत बसलेले असाल तर उशीर झालाय. इथले जुने लोक पहिल्या कार्डिनल पक्ष्याच्या शिट्टीची वाट बघतात. तो बोलायला लागला की घुबडाची वेळ झाली. मिट्ट काळोखात घुबड काढून टॉमला उगाच लवकर जागं करण्यात फायदा नाही, कारण तो लवकर बोलला की तुमच्याआधी दुसराही कोणी ऐकतो.

उजाडल्यावर कावळा. सकाळी दहानंतर पुन्हा कावळाच, आणि ही वेळ लोक हकनाक सोडतात. त्याचं कारण पुढे येईल.

संध्याकाळची फेरी मला सगळ्यांत आवडते. सूर्य मावळताना आणि त्यानंतरच्या थोड्या वेळात घुबड किंवा कोयोटी काढला आणि टॉमने रातथाऱ्यावरून उत्तर दिलं, तर उद्या पहाटे कुठे बसायचं ते आजच कळतं. अंधार पडल्यावर तो दुसरीकडे जात नाही. ही फेरी बंदूक न घेता करा, नियमांचा घोळ राहत नाही. सार्वजनिक जमिनीवर मिझुरीत शिकारीची वेळ दुपारी १ वाजता संपते. खासगी जमिनीचे आणि इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, दर वर्षीची पुस्तिका वाचायलाच हवी.

तिसरी तपासणी: वारा आणि पालवी

शांत, थंड, कोरड्या पहाटे गॉबल मैलभर ऐकू येऊ शकतो. वारा सुटला की तोच काही शे यार्डांत विरतो. वाऱ्याच्या दिवशी सगळे जोरात फुंकायला लागतात. त्याने काही साधत नाही. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाही असेल, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं नाही हीच अडचण आहे. अशा दिवशी वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे रातथाऱ्याकडून येणारा वारा उत्तर तुमच्याकडे आणेल. किंवा टेकडीच्या आडोशाच्या अंगाला जा. पक्षीही बहुधा तिकडेच असतात.

पालवीचं गणित नव्या माणसाला चकवतं. हंगामाच्या सुरुवातीला ओक उघडे असतात, आवाज लांबून स्पष्ट येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात पानं भरतात आणि दीडशे यार्डांवरचा गॉबल पाव मैलावरून आल्यासारखा वाटतो. त्यात झाडावर बसलेला टॉम तोंड फिरवून ओरडला की आवाज एकदम दूर गेल्यासारखा भासतो, आणि पुन्हा तुमच्याकडे वळला की अंगावर आल्यासारखा. ‘लांब आहे’ म्हणून लोक पुढे चालत जातात आणि त्याच्या झाडाखाली पोचतात. शेवटचं लक्षण, ती फडफड, पुष्कळदा इथून येते. पानं भरल्यावर जितका लांब वाटतो त्याच्या निम्म्या अंतरावर आहे असं धरून चाला.

चौथी तपासणी: जागा

इथे पाय झिजवावे लागतात.

घळीच्या तळाशी ओढ्याजवळ उभं राहून ऐकू नका. पाण्याची खळखळ सतत चालू असते आणि वरून येणारा आवाज टेकडीवरून निघून जातो. टेकडीच्या धारेवर जा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या घळी एकाच जागेवरून ऐकता येतील. मात्र अगदी माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका, माथ्याच्या दोन पावलं खाली झाडाला टेकून राहा. टर्कीची नजर फार तेज असते आणि पहाटेच्या उजेडात तुमची आकृती तिला उंच झाडावरून आरामात दिसते.

त्याहून मूळ प्रश्न: तिथे पक्षी आहे का? १९६० साली मिझुरीत पहिला आधुनिक वसंत हंगाम उघडला तेव्हा तो १४ काउंट्यांपुरता (म्हणजे जिल्ह्यांपुरता) होता. त्याआधीची काही वर्षं वनखात्याने जंगली पक्षी पकडून रिकाम्या रानांत नेऊन सोडले होते. आज राज्यातल्या ११४ काउंट्यांत टर्की आहे. पण काउंटीत आहे म्हणजे तुमच्या टेकडीवर आहे असं होत नाही, आणि अलीकडच्या वर्षांत पिल्लं कमी जगल्याने काही भागांत संख्या उतरली आहे.

म्हणून हंगामाआधी दिवसाउजेडी फिरून खुणा शोधा. पाचोळा उकरून जमीन उघडी पडलेले पट्टे. ओल्या मातीत तीन बोटांचे पाय. धुळीच्या रस्त्यावर पायांच्या दोन्ही बाजूंना ओढलेल्या रेघा, म्हणजे तिथे टॉम पिसारा फुलवून पंख घासत नाचलाय. विष्ठा तर नीट बघाच: नराची लांबट, एका टोकाला वाकलेली असते, मादीची गोल वळलेली. मोठ्या झाडाखाली ती ढिगाने पडली असेल आणि आसपास पिसं असतील तर तो रातथारा. ओझार्कमध्ये मला तो बहुतेकदा ओढ्याकाठच्या सिकमोरवर, नाहीतर धारेच्या जरा खाली जाड आडव्या फांद्यांच्या ओकवर सापडतो.

खुणा नसतील तर पाचव्या तपासणीकडे जाऊ नका. कुठलाही कॉल रिकाम्या रानातून उत्तर काढू शकत नाही.

पाचवी तपासणी: आता आवाज

इथवर सगळं ठीक असेल तर मग आवाजाकडे बघू.

इथल्या लोकांच्या कानात असलेलं घुबड म्हणजे बार्ड आऊल. त्याचा ठेका असा: चार सूर, जराशी उसंत, पुन्हा चार, आणि शेवटचा सूर खाली घसरत विरतो. तो नुसत्या तोंडाने काढता येतो. घशातून काढाल तर पातळ येईल, पोटातून काढा. अंघोळ करताना, गाडी चालवताना सराव करा, हंगामाआधी दोन आठवडे पुरतात. पहिली हाक नेहमी हळू द्या. टॉम कदाचित शंभर यार्डांवरच असेल. उत्तर नाही आलं तर दुसरी मोठी. आधीच कानठळ्या बसवल्यात तर जवळचा पक्षी दचकून गप्प होतो.

कावळ्यासाठी प्लास्टिकचा किंवा लाकडी कॉल घ्या, दहा-वीस डॉलरमध्ये चांगला मिळतो. एक लांब, रडका ‘काऽव’ काढून काही होत नाही. चिडलेले कावळे घुबडाच्या मागे लागतात तेव्हा जशी तीक्ष्ण, तुटक, चढी कावकाव करतात, ती हवी. तीन-चार ठसके, आणि थांबायचं. सूर जितका धारदार तितका धक्का जास्त.

त्यावरही उत्तर नाही? मग आवाजाची जात बदला. एकाच प्रकारच्या आवाजाला पक्षी सरावतो, आणि त्या टेकडीवर तुमच्याआधी आलेल्या सगळ्यांनी घुबडच काढलेलं असतं. पायलेटेड सुताराचा खणखणीत हसरा आवाज किंवा ससाण्याची किंकाळी मधल्या वेळेला चालते. कोयोटीचं रडणं मी संध्याकाळी रातथाऱ्यासाठीच ठेवते. टेक्सास, कॅन्सससारख्या मोकळ्या मुलखातल्या रिओ ग्रांदे टर्कीवर ते फार चांगलं लागू पडतं, कारण तिथे आवाज दूरवर न्यावा लागतो. दाट रानात दिवसा जमिनीवरच्या टॉमला मात्र ते सावध करतं.

आणि मोर. होय, इथल्या दुकानांत मोराचा आवाज काढायचा कॉल विकत मिळतो. ज्या रानात मोर कधी नव्हता तिथली टर्की त्या किंकाळीला उत्तर देते, कारण तिला ओळख नको असते, धक्का हवा असतो. आपल्यापैकी ज्यांचं बालपण मोरांच्या गावात गेलंय त्यांना हा आवाज कॉलशिवायही जमतो. नव्या कुणालाही मी हा आवर्जून शिकवते, कारण इतर शिकारी तो क्वचितच वापरतात.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. फोनवर किंवा स्पीकरवर आवाज वाजवायचा नाही. मिझुरीत टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल बेकायदा आहे, बहुतेक राज्यांतही तसंच आहे. दुसरं, सार्वजनिक रानात गॉबलचाच आवाज काढून टॉमला शोधायचं नाही. त्या आवाजावर टॉम येईल की नाही ते माहीत नाही, पण बंदूक घेतलेला दुसरा माणूस दबकत येईल. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, हट्टाने सांगते.

सहावी तपासणी: पक्षी आहे, पण त्याला बोलायचं नाही

खुणा आहेत, पहाट शांत आहे, आवाज ठीक आहे, तरी उत्तर एकदाच येतं किंवा येतच नाही. आता पक्ष्याच्या बाजूने बघा.

पहिली शक्यता: त्याच्याबरोबर माद्या आहेत. झाडावर असताना तो ओरडून त्यांना जमवतो, खाली उतरला आणि त्या भोवती आल्या की ओरडायची गरज संपली. चौथ्या लक्षणाचं कारण बहुधा हेच. उपाय घाईचा नाही. मादी साधारण दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि त्यासाठी सकाळी कळपातून निघून घरट्याकडे जाते. अंडी पुरी झाली की सुमारे २८ दिवस उबवायला बसते. म्हणजे हंगाम जसा पुढे सरकतो तसे दहा-अकराच्या सुमारास टॉम एकटे पडायला लागतात. पहाटे मख्ख असलेला तोच पक्षी साडेदहाला कावळ्याच्या एका ठसक्याला तीनदा उत्तर देतो. बाकीचे शिकारी तोवर न्याहारीला गेलेले असतात. ज्यांनी पहाटे हात टेकले त्यांना मी दहापर्यंत थांबायला लावते, आणि या तपासणीत सर्वांत जास्त पक्षी इथेच सापडतात.

दुसरी शक्यता: माणसांचा त्रास. आग्नेयेकडच्या राज्यांत रानात स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून झालेल्या अभ्यासांत दिसलंय की शिकार सुरू झाल्यावर गॉबल कमी होतात. पाचव्या लक्षणामागे हेच असतं. पक्षी गेलेला नसतो, तो तोंड मिटून बसलेला असतो. इथे आणखी आवाज काढणं म्हणजे बिघाड वाढवणं. मधल्या वारी जा, पार्किंगपासून सर्वांत लांबच्या घळीत जा, एक हलका आवाज द्या आणि मग नुसतं बसून पाचोळ्यातली चाहूल घ्या. आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये रोज जाऊन त्याच टॉमला ओरडायला लावायची हौस आवरा.

पाऊस, रात्रीतून आलेली थंडीची लाट, आदल्या रात्री रातथाऱ्याखाली फिरलेला बॉबकॅट (रानमांजर), यांमुळेही एखादी पहाट मुकी जाते. त्यावर उपाय नाही, दुसऱ्या दिवशी परत जायचं.

सातवी तपासणी: दिशा आणि अंतर पक्कं करा

तिसऱ्या लक्षणासाठी हीच खरी तपासणी, आणि वेळ व संयम हिलाच सर्वांत जास्त लागतो.

गॉबल ऐकला की त्याच क्षणी त्या दिशेचं एखादं झाड डोळ्यांनी पकडा, होकायंत्राचा कोन घ्या, फोनमधल्या नकाशावर आपल्या जागेपासून रेघ ओढा. मग त्या रेघेला काटकोनात दोनशेक पावलं सरका आणि पुन्हा एक आवाज द्या. दुसरी रेघ ओढा. दोन्ही छेदतात तिथे पक्षी. दोघं असाल तर मुळातच दोन जागी उभे राहून एकाच गॉबलवर दोन रेघा मिळतात, दुसरा आवाज वाचतो. घळींमध्ये प्रतिध्वनी फसवतो, म्हणून दोन रेघा विचित्र ठिकाणी, म्हणजे उघड्या शेताच्या मध्ये किंवा तळ्यात छेदल्या तर तिसरी घ्या.

ठिकाण कळलं की लोकेटर कॉलचं काम संपलं. तुमच्यात आणि त्याच्यात कुंपण, खोल ओढा, दाट झुडपं नाहीत ना हे नकाशावर बघा. शंभर-दीडशे यार्डांवर, खांद्याहून रुंद खोडाला पाठ लावून बसा आणि मग मादीच्या हळू आवाजाकडे वळा. गॉबलच्या दिशेने दबकत जाऊ नका. समोर टॉमच असेल असं नाही, मादीचा नाहीतर गॉबलचा आवाज काढणारा माणूसही असेल. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, टॉमच्या डोक्याचे रंग तेच. रुमाल आणि मोजेसुद्धा तपासा. चालताना नारिंगी टोपी, बसल्यावर काढायची.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

बरोबरच्या माणसाला ऐकू आलेला गॉबल तुम्हाला वारंवार ऐकू येत नसेल, किंवा दिशा नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर रानातल्या तपासण्या थांबवा आणि ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन कान तपासून घ्या. दिशा कळायला दोन्ही कान सारखे लागतात. शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कानाला संरक्षण न लावता वर्षानुवर्षं नेमबाजी केलेल्या माणसांत ही तक्रार मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि तिच्यावर कॉलच्या दुकानात औषध नाही.

तुमच्या घुबडाला माणसाच्या घुबडाने उत्तर दिलं, किंवा कुणी तुमच्याकडे चालत येताना दिसलं, तर त्या जागची शिकार संपली. हात हलवू नका, उठू नका. बसल्या जागेवरून माणसाच्या आवाजात मोठ्याने बोला, त्याने ऐकल्याची खात्री झाली की मगच हला. विजा चमकायला लागल्या तर टॉम गडगडाटाला कितीही उत्तरं देत असला तरी धारेवरून उतरा.

पक्ष्याची रेघ हद्दीपलीकडे गेली आणि जमीन कुणाची ते पक्कं माहीत नसेल तर पाऊल टाकू नका. मालकाची परवानगी घ्या. नियमांबद्दल शंका असेल तर काउंटीच्या कन्झर्व्हेशन एजंटला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला, फोन करा. ते रागावत नाहीत, आधी विचारलेलं त्यांना आवडतं. डोक्यावर फोड आलेला, डोळे सुजलेला, माणूस जवळ आला तरी न पळणारा पक्षी दिसला तर हात न लावता त्यांनाच कळवा.

व्हिसाचं मी प्रत्येकाला सांगते, कारण आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. मित्राची बंदूक हातात धरणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा. तोवर बंदुकीशिवाय ऐकायला येता येतं. १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिझुरीत शिकारीच्या परवान्यासाठी सहसा हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

सातही तपासण्या दोन-तीन वेगवेगळ्या रानांत करून पूर्ण हंगाम कोरडा गेला, तर एकट्याने पुढे ओढत बसू नका. राज्याचं कन्झर्व्हेशन खातं नवशिक्यांसाठी अनुभवी शिकाऱ्याबरोबरच्या फेऱ्या ठेवतं, १९७३ साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या स्थानिक शाखाही आहेत. पैसे मोजायची तयारी असेल तर गाइड एका सकाळसाठी घ्या आणि त्याला आधीच सांगा: मला पक्षी मारून द्यायचा नाही, तुम्हाला गॉबल ऐकू आला की प्रत्येक वेळी माझ्या खांद्याला हात लावा.